शूटिंगची वाटी आणि खायची वाटी

मंडळी, टाळ थांबवा घटकाभर! पेटीवाले काका, तुम्ही सूर धरून ठेवा — आणि झोपू नका! मागच्या खेपेला सूर चालू, काका घोरतायत, आणि लोक मला म्हणाले, "बुवा, आजचा राग नवीन होता!"

हं. तर आजचा प्रश्न अगदी साधा. देवाला आपण नैवेद्य दाखवतो की नाही? पाण्यानं चौकोन काढतो, ताट ठेवतो, तुळशीचं पान, डोळे मिटतो. मग ते ताट कोण खातं? बोला की! आपणच खातो! देव काही भात कमी करत नाही. मग सांगा, नुसतं दाखवलं, आणि घरातल्या भुकेल्याच्या पोटात काही गेलंच नाही — तर तो नैवेद्य देवाला पोचला का? विचार करा. इथे करा, फोनमध्ये नको. मागच्या खांबाजवळच्या वहिनी, तुम्हालाच म्हणतोय!

आता ह्यावर आख्यान ऐका.

कऱ्हाडात एक गुळवणी कुटुंब. घरात सूनबाई सुचेता, नवरा अच्युतराव, लेक ओवी आणि सासरे अण्णा. अण्णांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आणि सुचेतावहिनी? अहो, मोठं नाव! फोनवर त्यांचे व्हिडिओ — 'सुचेताचं सोप्पं घर'! लिंबाच्या सालीनं नळ चमकवा! शिळ्या पोळीचा पिझ्झा करा! रविवारी कुटुंबाला वेळ द्या! बायका बघायच्या, उसासे टाकायच्या, आणि नवऱ्याकडे रागानं बघायच्या. नवऱ्याचा काय दोष? काही नाही. पण समोर तोच असतो ना!

आणि नळ काय चमकायचा हो! त्यात बघून भांग पाडावा! मात्र एकच नळ. कॅमेऱ्यात येतो तो. मोरीतला नळ वर्षानुवर्षं ठिबकतोय, पण त्याला कोण विचारतो? तो दिसतच नाही!

अच्युतरावांकडे एकच खातं — प्रकाश! तो गोल दिवा असतो ना, तो धरून उभं राहायचं. देवघरातली समईसुद्धा एका जागी बसते, हे बिचारे उभेच! बँकेतून यायचे, बूट काढायचे, दिवा हातात घ्यायचे.

एका रविवारी विषय होता, 'सगळे मिळून मटार सोलूया, गप्पा मारूया, कुटुंब जोडूया.' वा! छान कल्पना! बसले सगळे. मटार सोलले. गप्पा काय झाल्या सांगू? "अहो, हात मधे आणू नका!" "ओवी, हास! एवढं नाही!" "अण्णा, इकडे बघू नका, तिकडे बघा!" झाल्या गप्पा! आणि शेवटी कळलं, आवाज आलाच नाही. परत घ्यायचं! पण मटार तर सोलून झालेले! वहिनी म्हणाल्या, "परत शेंगांत भरा."

हसू नका मंडळी, भरले! एका सुशिक्षित घरानं सोललेले मटार परत शेंगांत भरले, आणि कुटुंब जोडलं!

आता अण्णांचं काम ऐका. व्हिडिओच्या शेवटी अण्णांच्या पुढ्यात वाटी यायची. अण्णांनी पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचं, "वा! सुरेख झालंय, सूनबाई!" बास. आणि अण्णांना ते जडही नव्हतं. कारण त्यांना आईची शिकवण होती — पानावर बसलं की अन्नाला नाव ठेवायचं नाही. आमटी खारट होवो, भात करपो, अण्णांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. असली माणसं आता कुठे मिळतात? आमच्या घरात तर नाही. आमच्याकडे पाण्यालासुद्धा नावं ठेवतात!

तर काय झालं, थंडीच्या दिवसांत अण्णांना मलेरिया झाला. दवाखाना झाला, सलाईन झालं, घरी आले. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. काही म्हणजे काही खाईनात! एका सकाळी डॉक्टर येऊन सांगून गेले, "आज पोटात अन्न गेलं नाही, तर उद्या परत भरती करावं लागेल." अण्णांचे हात सुयांनी काळेनिळे झालेले. ते ऐकून म्हाताऱ्यानं दोन्ही हात शालीत लपवले हो. पण घास उतरेना, त्याला तो तरी काय करणार?

तोवर सुचेतावहिनींनी काय काय करून पाहिलं होतं! भोपळ्याचं सूप, त्यावर गाजराचं कमळ. रव्याचं कटलेट, त्याला बदामाचे डोळे. अण्णा त्या डोळ्यांकडे बघायचे, ते डोळे अण्णांकडे बघायचे, आणि दोघंही तसेच राहायचे.

आणि डॉक्टर गेल्यावर, त्याच सकाळी अण्णा आपण होऊन बोलले! बारीक आवाजात म्हणाले, "सूनबाई... मऊ भात मिळेल का गं? मेतकूट घालून? वर थोडं तूप. गरम हवा मात्र."

अहो, घरात दिवाळी झाली! वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, बरं का! बाई वाईट नव्हती मंडळी. सासऱ्यावर तिचा जीव होता. "आत्ता करते, अण्णा!" म्हणून ती स्वयंपाकघराकडे पळाली. दारापर्यंत गेली... आणि थांबली.

"अहो! दिवा आणा! आजच्या व्हिडिओला विषय मिळाला — 'आजारातून उठणाऱ्यांसाठी सोपा मऊ भात'!"

आली का पंचाईत!

आता एक मेख सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ह्या व्हिडिओवाल्यांच्या घरी वाट्या दोन असतात. एक खायची, एक शूटिंगची. खायची वाटी बिचारी ओट्यावर झाकून निवत बसते. शूटिंगची वाटी नटूनथटून टेबलावर! भाताची वाफ दिसत नाही? वाटीमागे कापसाचा गरम ओला बोळा लपवा — आली वाफ! ताकाला फेस नाही? घुसळा साबण! आणि तूप? थंडीत तूप थिजलेलं, पांढरं. कॅमेऱ्यात कसं दिसणार? मग वहिनींनी काय केलं? भांडी घासायचं ते पिवळं, दाट लिक्विड असतं ना... त्याची सोनेरी धार सोडली भातावर! अहाहा! साजूक तुपानं लाजून डब्यात जावं!

अण्णांना आणून टेबलाशी बसवलं. अंगावर शाल, पुढ्यात ती वाटी. "अण्णा, हात लावू नका हं, तुमची वाटी आत आहे, एवढं झालं की देते." पण अण्णांना ऐकू कमी यायचं. त्यांनी मान डोलावली. ते नेहमीच डोलावायचे.

पहिल्यांदा घेतलं, तर अच्युतरावांची सावली आली. परत! दुसऱ्यांदा शेजारच्यांच्या कुकरनं शिट्टी दिली. परत! तिसऱ्यांदा सगळं जमलं, तर वहिनींच्या लक्षात आलं, चमचा साडीला शोभत नाही. "थांबा, पितळी आणते!" म्हणून त्या आत गेल्या. अच्युतराव कोपऱ्यात दिव्याच्या वायरीत अडकलेले. फोन चालूच.

आणि अण्णा? कितीतरी दिवसांनी भूक लागलेला माणूस तो! पुढ्यात मऊ भात, वर मेतकूट, वर पिवळंधमक तूप! किती थांबेल? बोटांनी कालवला... आणि घास घेतला.

पेटी थांबवा काका.

वहिनी चमचा घेऊन आल्या. बघतात तो अण्णा घास चावतायत. चेहरा कसनुसा झालेला. ओठांच्या कोपऱ्याला एक बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला. आणि अण्णांनी समोर फोन बघितला, मान ताठ केली, आणि म्हणाले, "वा! सुरेख झालंय, सूनबाई!"

आणि दुसऱ्या घासाला हात घातला!

मंडळी, त्या बाईच्या हातातून चमचा पडला. ती धावली, अण्णांचा हात धरला, आपला तळवा त्यांच्या तोंडाखाली धरला. "अण्णा, थुंका! थुंका आधी! साबण आहे तो!" आपल्याच हातावर थुंकायला लावलं, चुळा भरायला लावल्या, पदरानं तोंड पुसलं. "अहो, कळलं नाही का तुम्हाला? बोलला का नाहीत?"

अण्णा काय म्हणाले माहितेय?

"मला वाटलं, तापानं माझ्याच तोंडाची चव गेली. तू एवढ्या प्रेमानं केलंयस, नाव कशाला ठेवायचं?"

पानावरच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही! म्हाताऱ्यानं तो नियम साबणालासुद्धा लावला हो! वहिनी तिथेच फरशीवर बसल्या आणि अण्णांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. अच्युतरावांनी दिवा खाली ठेवला. स्वतःहून ठेवला! त्या घराच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं.

मग बाई उठली. हात धुतले. ओट्यावरचा भात गार गोळा झाला होता, म्हणून नवा टाकला. मऊ, गुरगुट्या. तूप विस्तवावर पातळ केलं. साधी स्टीलची वाटी घेतली, तीही एका बाजूला चेपलेली. अण्णांच्या शेजारी बसली आणि फुंकर घालून एकेक घास हातानं भरवला. फोन तिकडे रिकाम्या टेबलाचा व्हिडिओ काढत बसला होता. काढू दे!

अण्णांनी पहिला घास खाल्ला. 'वा' नाही, 'सुरेख' नाही. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. वाटी संपली. मग बोटानं वाटीच्या कडेचं तूप पुसून खाल्लं, आणि आयुष्यात पहिल्यांदा — ऐका मंडळी, जन्मात पहिल्यांदा! — अण्णांनी अन्नाला नाव ठेवलं.

म्हणाले, "सूनबाई, मीठ जरा कमी आहे गं." आणि वाटी पुढे केली. "अजून आहे का?"

ती रडता रडता हसली आणि मीठ आणायला धावली. तो नैवेद्य पोचला, मंडळी! पेटीवाले काका, आता वाजवा!

आता वळूया तुमच्याकडे. सुटलात असं वाटलं काय? सुचेतावहिनींना हसलात ना? पोट धरून हसलात! आणि हसताना हात कुठे होते? वर! फोन धरून! अहो, मी दोन हात लांब उभा आहे आणि तुम्ही मला त्या काचेतून बघताय! त्यात मी जास्त गोरा दिसतो का?

घरच्या युक्त्या खुशाल शिका. नळ चमकवा, शिळ्या पोळीचा पिझ्झा करा, मटारही सोला — एकदाच सोला! पण आज घरी गेल्यावर एक सोपी कृती करा. घरातलं जे माणूस नेहमी 'छान झालंय' म्हणतं ना, त्याच्या पानाशी बसा, गरम वाढा, आणि विचारा, "मीठ बरोबर आहे का हो?" ते माणूस कमी आहे म्हणालं, तर रागावू नका. उठा आणि मीठ आणा.

बोला, विठ्ठल विठ्ठल!

आता पलीकडे ओसरीवर प्रसादाची मुगाची खिचडी तयार आहे. आणि काय हो खांबाजवळच्या वहिनी, अजून चालूच आहे का तुमचं? बंद करा तो फोन आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंना हात देऊन उठवा. मघापासून त्या तुमच्याकडे बघतायत. खिचडी निवतेय.