माहुलीच्या पाण्यात सोडलेला रिपोर्ट

—न्हाय न्हाय, बसा की, जागा हाय. आमची मंडळी आत आपरेशनला हाय, राजाबाई. गळ्याची गाठ. मी कोंडिबा — तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी — पन्नास किलोची गोन पाठीवर घेतो, पन ह्या बाकड्यावर बसवंना बघा. गाठीचं भ्या न्हाय. गाठीमागं तांदळाच्या दान्याएवढ्या ग्रंथी असत्यात, चार — पॅराथायरॉइड म्हनत्यात — अंगातलं कॅल्शियम त्या सांभाळत्यात. त्या चुकून गेल्या तर? बोटं आखडत्यात, हातपाय वळत्यात, जल्मभर गोळ्या. चरबी कुठली नि ग्रंथी कुठली, नुसत्या डोळ्याला कळत न्हाय म्हनं. म्हनून डॉक्टरीनबाईंनी कॅमेरा आनलाय — आपल्याला न दिसनारा उजेड टाकायचा, की त्या आपसूक चमकत्यात पडद्यावर. लई भारी काम हाय. पन कॅमेरा हाय त्येच दाखवनार ना? नसलेलं कुठनं दाखवंल?

आत्ताची गाठ उजवीकडं हाय; सा वर्सांमागं डाव्या बाजूची काढली, साताऱ्यात. तिच्यासंगं तिकडच्या दोन गेल्या का ऱ्हायल्या, ते रिपोर्टात लिवलेलं असतं. डॉक्टरीनबाई तीनदा म्हनल्या, रिपोर्ट आना. कुठनं आनू? ते हॉस्पिटल कवाच बंद पडलं. आनि आमच्यात आजाराचा कागद घरात ठेवत न्हायत — आजार परत वाट धरतो म्हनं. ती बरी झाली तशी अख्खी फाइल नारळासंगं माहुलीच्या संगमावर सोडली. कुनी? म्याच. ती म्हनत व्हती, ऱ्हाऊ द्या, लागंल कवातरी — तर मी तिच्यावरच खेकसलो. नि परवा डॉक्टरीनबाईंपुढं तीच म्हनली, माझ्या हातनं हरवला. मी आपला खाली मान घालून गप. लाज वाटती हो. आता हे तुमाला कशाला सांगतोय, देव जाने.

—होय सिस्टर, मीच. काय? एकच चमकतीया? ती बी गाठीला चिकटलेली — सोडवायला बगत्यात — आनि न्हाय सुटली तर? रिपोर्ट... सिस्टर, तिनं न्हाय हरवला. म्या नदीत सोडला. न्हाय, त्यात काय लिवलेलं ते ठावं न्हाय. वाचता येतं मला. उघडून बगितलंच न्हवतं.

गेल्या आत.

तुमी काय बोलू नका, पाव्हनं. जावा, खाली जाऊन चा पिऊन या.