कपाटातला राउटर

मंडळी, जरा सरकून बसा, पोरांना पुढं येऊ द्या! आज एवढंच विचारतो — आपण दाराला कुलूप लावतो, तेव्हा बाहेर नेमकं कोण राहतं? घाई नको! आधी ऐका.

पिंपळदरीचे तुळशीअण्णा धुमाळ. घरात नवी वस्तू आली, की लोखंडी कपाटात! मिक्सर कपाटात — चटणी पाट्यावर! हसताय? तुमच्या रिमोटवरचं प्लास्टिक निघालं का? — हां!

लेक वनिताची नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवरून होणार, म्हणून अण्णांनी इंटरनेट घेतलं. स्वतः वायर ओढली, राउटर जोडला. पोरांनो, राउटर म्हणजे काय? कालव्याचं पाणी पाटकरी ज्याच्या त्याच्या वावरात सोडतो ना? तसाच हा! लॅपटॉपला सोडतो, मोबाइलला सोडतो — आणि तेही हवेतून!

'हवेतून' ऐकलं आणि अण्णांनी आधी भिंतीकडं बघितलं! भिंतीपलीकडे धाकटा भाऊ श्रीपती. पन्हाळीच्या पाण्यावरून अबोला.

"म्हणजे आपलं नेट त्याच्या घरात?"

"पासवर्ड असतो, अण्णा," वनिता म्हणाली.

"पासवर्ड डोळ्यांना दिसतो का? कुलूप दिसतं!"

झालं! मुलाखतीच्या दिवशी सकाळीच कपाटाला मागून भोक पाडलं, वायरी आत घेतल्या, राउटर शालूंच्या घडीवर ठेवला, दार लावलं — खट्! चावी नेहमीप्रमाणे बायकोच्या, कौसाबाईंच्या कमरेला. आणि कौसाबाई एसटीनं बारशाला!

मुलाखतीची वेळ आली. वनितानं लॅपटॉप उघडला — नेट गायब! का बरं, पोरांनो? ...शाबास! लोखंडाच्या पेटीतून लहरी बाहेर येतील कशा?

अण्णा मात्र फटीला डोळा लावून, "अगं, आत दिवा लुकलुकतोय की!"

"मग शालूंनाच द्यायला सांगा मुलाखत!" वनिताला रडू फुटलं. मोबाइलला त्या दरीत रेंज नाही. वर्षभराचा अभ्यास डोळ्यांदेखत वाया चाललेला!

अण्णांनी कपाट ओढलं, बडवलं. सासऱ्यानं दिलेलं पोलाद — हलतंय कुठलं? तेवढ्यात पलीकडून आवाज —

"काय हो, भिंत पाडताय काय?"

अण्णांनी लेकीकडे बघितलं. भिंतीला तोंड लावलं.

"श्रीपती... तुझं नेट चालू आहे का रे?"

"आहे की."

"पासवर्ड?"



"नाही ठेवला, अण्णा. दिवाळीपासून राउटर तुमच्या भिंतीलाच टांगलाय. म्हटलं, वनीला लागंल."

वनितानं मान खाली घातली. नेटच्या यादीत काकाचं नाव तिला पडद्यावर रोज दिसायचं. बापाच्या धाकानं बोट लावलं नव्हतं, एवढंच! आज लावलं. ती भिंतीला टेकून बसली, आणि अण्णा अंगणात कोंबड्या हाकत उभे — लेकीच्या मुलाखतीत ओरडायला नकोत म्हणून!

नोकरी लागली का? लागली! पेढे आधी भिंतीपलीकडे गेले.

पासवर्ड ठेवा हो, मंडळी! चोर आहेत, जरूर ठेवा. पण घरी गेल्यावर फोनमध्ये नेटच्या यादीत शेजारपाजारची नावं दिसतील. त्यात आपल्याच माणसाचं एक असेल, ज्याला आपण बोट लावत नाही. कुणाचं, ते मी विचारत नाही. मनात आठवा — आणि मग वाजवा टाळी, घ्या हरीचं नाव!