हात न देणारा माणूस

सन्माननीय अध्यक्ष फान दाइन साहेब, व्यासपीठावर बसलेले टोमॅटो उत्पादक संघाचे मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीसाठी हा सगळा थाट आहे ते आपले पीक-सल्लागार आरेंड झ्विंकल्स, आणि केक कधी कापतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

मी कोबा, लेन आमरलानची विधवा. शाळा गावातलीच, तीसुद्धा टोमॅटोच्या हंगामात बुडवलेली. तेव्हा सांभाळून घ्या.

आपल्याकडे माणूस खोलीत शिरला की सगळ्यांना हात देतो, एकेकाशी हस्तांदोलन करतो. वाढदिवसाला तर खुर्च्यांच्या गोलाला अख्खी फेरी मारतो. आणि हा आरेंड? तीस वर्षं आमच्या टोमॅटोच्या काचघराच्या दारात यायचा, ते हात पाठीमागे बांधून. "काय कोबाबाई, बरं आहे ना?" बस. मी लेनला म्हणायची, "तुझ्या सल्लागाराचे हात काय राजवाड्यातून आणलेत?"

पण माणूस हुशार. एकदा आमच्या टोमॅटोंची बुडं काळी पडायला लागली. मी आपली चुना घालतेय, घालतेय. यानं मातीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "चुना भरपूर आहे. पाणी तुमच्या स्वभावासारखं चाललंय, बाई. एक दिवस धो धो, चार दिवस अबोला." मग रोज ठरल्या वेळी पाणी दिलं, नवी फळं स्वच्छ आली. स्वभाव काही सुधारला नाही.

पुढं लेन गेला. अंत्यविधीला आरेंड आला आणि त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी रडायचं विसरून त्या हातांकडंच बघत राहिले.

त्या वसंतात मी एकटीनं लागवड केली. लेनच्या वडिलांपासून चालत आलेली गुलाबी जात. बी आमच्याच घरचं, दुसरीकडं कुठं नाही. ते गेलं की संपलं. आणि पानांवर फिकट-गडद चट्टे आले, शेंडे दोऱ्यासारखे बारीक झाले. खत दिलं, काचा उघडल्या, पांढऱ्या माशीसाठी चिकट पट्ट्या टांगल्या. रोग आपला ओळीमागून ओळ पुढंच.

आरेंडला बोलावलं. तो झाडं सोडून माझ्याकडंच बघतोय. मी म्हटलं, "काय रे, विधवा कधी बघितली नाहीस?"

"कोट कुणाचा?"

"लेनचा."

"खिशात काय आहे?"

काय असणार? तंबाखू. हातानं सिगारेट वळायचा ना लेन. पण आत येताना कोट बाहेर अडकवायचा, हात धुवायचा. मी मात्र तोच कोट घालून झाडं बांधायची, आणि प्रत्येक ओळ संपली की खिशात हात घालायची. बोटांना त्याचा वास यायचा.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तंबाखूतला रोग टोमॅटोला लागतो. तुम्ही तो एकेका झाडाला पोचवताय."

मी विचारलं, "जाळू का कोट?"

"कशाला? घरात खुंटीला राहू दे. हवा तेवढा वास घ्या. इथं मात्र हात दुधात बुडवायचे, दर झाडाला. दुधानं हा रोग पुढं लागत नाही. चाकूसुद्धा."

चार ओळी उपटाव्या लागल्या. पिशव्यांत भरून त्यानंच बाहेर नेल्या. बाकीच्या वाचल्या, बी वाचलं. त्या टेबलावरचे गुलाबी टोमॅटो, जे केकच्या आधीच निम्मे झालेत, ते त्याच बियाचे.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसाला आठ काचघरं हिंडणारा माणूस. एकाची पीडा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून यानं तीस वर्षं गर्विष्ठ म्हणवून घेतलं. मी विचारलं, "मग अंत्यविधीला मला कसा दिलास हात?"

म्हणाला, "त्या दिवशी कुठल्याच काचघरात गेलो नव्हतो, बाई."

असो. संघानं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. माझं जे बोलणं कच्चं निघालं असेल ते खिडकीत ठेवून पिकू द्या, आणि मला माफ करा.

आरेंड, उद्यापासून तुला कुठल्याच काचघरात जायचं नाही. तेव्हा ऊठ, सगळ्या खुर्च्यांना एक फेरी मार. तीस वर्षांचे हात बाकी आहेत. सुरुवात माझ्यापासून कर. मी हात दुधात बुडवूनच आलेय.