आक्काचं स्थळ आणि माठातली जुडी

हसू नका, पण आमच्या आक्काचं लग्न माझ्या खोडीमुळं जमलंय! पन्नास सालाच्या आसपासची गोष्ट. उन्हाळ्यात आई माठात वाळ्याची जुडी, लिंबाच्या फोडी आणि तुळशीची पानं टाकायची. मामा येणार म्हणून मी वाळा काढून तिथं तापावरच्या कडूजहर काडेचिराइताची जुडी सोडली. मामाच्या आधी टपकले कोडोलीचे पावणे, आक्काला बघायला! त्याआधी दोन स्थळं मोडलेली.

आक्कानं पाणी दिलं. मुलाच्या वडलांनी घोट घेतला आणि पेला खालीच ठेवला. बाबांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझी पाचावर धारण बसली.

"पोरी, पाणी कडू हाय की गं!"

आक्कानं त्याच माठातला पेला भरून घटाघटा रिकामा केला. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही.

"उन्हातनं आलायसा न्हवं, काका? पित्ताला बरं असतंय."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून उरलेलं पाणी संपवलं. "व्हय की! पोरगी पसंत हाय."

अजून कोडोलीला गेलो की आक्का चहाच्या आधी मला तेच पाणी देते, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही.