पाटाच्या वाटेवरची टोळी

ऐका. पण आधी पांघरुणं नीट ओढून घ्या. मधेच कुणी उठून आईकडं पळालं तर गोष्ट तिथंच थांबणार. आणि हळू. बाळाला आत्ता कुठं डोळा लागलाय. तो उठला तर भुतापेक्षा मी त्यालाच जास्त घाबरते.

लाइट काही आता येत नाही. सोहम, तो मोबाइल बंद कर. ईश्वरी, तू अशी जवळ ये. ही गोष्ट खरं तर तुझ्यासाठीच आहे. उद्यापासून कांदे कापायला जायचं म्हणतेस ना? तेरा पूर्ण झाली म्हणून? मी पण तेरा वर्षांचीच होते गं.

पोरांना भीती घालू नये, असं मी कॉलेजात चार पानं लिहून मार्क मिळवलेत. पण दिवसभर राबल्यावर रात्री नवीन काही सुचत नाही. म्हणून जे घडलं तेच सांगते. ते खरंच घडलं का, हे मात्र मला विचारू नका. मी पण स्वतःला विचारायचं सोडून दिलंय.

तर ऐका. माझी सातवी संपली होती. मला फळा दिसायचा, फळ्यावरचं दिसायचं नाही. गुरुजी म्हणाले, चष्मा करा पोरीला, नाहीतर आठवीत बसवून उपयोग नाही. आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर! तोवर अर्धं वर्ष गेलं ना! म्हणून म्हटलं, सुट्टीत आपणच काम करू आणि आपणच चष्मा आणू.

पण तेरा वर्षांच्या पोरीला काम देतंय कोण? स्टँडवरच्या रसवंतीत गेले. त्यानं पेला हातात दिला, म्हणाला, त्या पाहुण्यांना दे. मी नेऊन खांबापुढं धरला. तिथलं काम तिथंच संपलं. मग गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, "बाई, तू घरी जा. तुझी वेणी माझ्या पट्ट्यात जायची."

शेवटी ठकूमावशी भेटली. गावातल्या बायकांच्या टोळीची मुकादमीण. कुणाच्या शेतात किती बायका न्यायच्या, ते तिच्या हातात.

"कापशील का गं?"

"कापीन."

"रडशील?"

"नाही."

"कांद्यापुढं समदेच रडत्यात. साडेतीनला फाट्यावर ये. पिकअप कुनासाठी थांबत नाय. पयल्या दिवशी आली नाय तर दुसऱ्या दिवशी येऊच नको. विळा मी देईन."

झालं! माझी मैत्रीण नजमा, तिलाही सांगितलं होतं. दोघींनी वेगवेगळं यायचं, फाट्यावर भेटायचं.

त्या रात्री मला झोप कसली! दर घटकेला उठायची, भिंतीवरचं घड्याळ बघायची. आता गंमत ऐका. घड्याळ दिसायचं, पण लहान काटा कुठला नि मोठा कुठला, ते कळायचं नाही. एक काटा बारावर, एक तीनवर. वाजले तीन! मी उठले, भाकरीचं फडकं घेतलं आणि निघाले. खरे वाजले होते सव्वाबारा.

हसू नका. परवा मी पण मिठाऐवजी साखर घातली भाजीत. तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता.

आई झोपेतच म्हणाली, "गाडीवाटेनं जा." मी म्हटलं, हो. आणि गेले पाटाच्या वाटेनं. कालव्याच्या कडेनं जाते ना, ती. निम्मं अंतर वाचतं म्हणून. पिकअप चुकली तर चष्मा चुकला, एवढं एकच डोक्यात.

चांदणं होतं. पाटाला पाणी नव्हतं. कुत्रं नाही, रातकिडा नाही. चालतेय, चालतेय, आणि पुढं शेतात बायका बसलेल्या. ओळीनं. विळ्यांचा आवाज येतोय. कच्. कच्. कच्. मला वाटलं, आली बाई टोळी! ऊन लागू नये म्हणून रात्रीच बसवलं असेल. माझ्याशिवाय सुरू पण केलं! मी धावतच गेले.

"ठकूमावशी?"

कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाहीही म्हणालं नाही.

"किती गं उशीर," एक बाई म्हणाली. "आमी कधीच्या वाट बघतोय."

काय म्हणतोस सोहम? पाय उलटे होते का? अरे, मला दहा हातांपलीकडं माणूसच धड दिसत नव्हतं, पाय कुठले दिसणार! नुसते लुगड्यांचे ठिपके. चेहऱ्यांच्या जागी आणखी ठिपके.

त्या बाईनं विळा माझ्या हातात दिला. हातात! आपल्यात विळा, कात्री कुणी हातात देतं का? खाली ठेवतो, दुसऱ्यानं उचलायचं. मलाही ठाऊक होतं. पण काम मिळतंय म्हटल्यावर रीत कोण बघतं? घेतला. तिची बोटं लागली. विहिरीच्या तळाचं पाणी लागावं तशी.

आणि विळा देऊन ती बाई उठली. कमरेवर हात ठेवून सरळ झाली. हाडं वाजलेली मी ऐकली. "सुटले गं बाई," म्हणाली. मग बांधावर आडवी झाली, तोंडावर पदर ओढला आणि झोपली. तेवढं झोपणं मी आजपर्यंत कुणाचं पाहिलं नाही.

मी बसले कापायला. कांदा उचलायचा, वाळलेली पात कापायची, पाटीत टाकायचा. उचल, काप, टाक. पाटी भरली. बघते तर ढीग तेवढाच. दुसरी भरली. ढीग तेवढाच! म्हटलं, नजरेचा दोष. तिसरी भरली. हात लावून बघितला. तेवढाच.

मग लक्षात आलं, आपले डोळे कोरडे आहेत. कांद्यावर कांदा कापतेय आणि डोळ्यांत टिपूस नाही! एक कांदा नाकाशी नेला. वासच नाही. मातीचासुद्धा नाही.

"मावशी," शेजारणीला म्हटलं, "भाकरी कधी खायची?"

"हा वाफा झाला की."

"कधी होईल?"

ती हसली. मग तिची शेजारीण हसली. तशी पार शेवटापर्यंत सगळी ओळ हसली. दमलेलं हसू गं ते. भांडी घासताना परत कुणीतरी ताट आणून ठेवावं, तेव्हा आपण हसतो ना, तसं.

तेव्हा मी घाबरले. विळा टाकायला गेले, तर मूठ उघडेना! झटकला, आपटला, डाव्या हातानं ओढला. बोटं लाकडाची झालेली. आणि उजवा हात आपला आपण कापतोय. कच्. कच्.

"उगं वढू नको," शेजारीण म्हणाली. "मी लई वढला व्हता. कुनीतरी हातात घेतल्याबिगर सुटत नाय."

"कुणी?"

"येनारी."

किती वेळ गेला, ठाऊक नाही. तास? तीन तास? पाठ गेली, मान गेली. रडावंसं वाटलं, तर डोळ्यांना पाणीच नाही. आणि सांगू का, सगळ्यात वाईट काय होतं? मला सवय व्हायला लागली होती. वाटायला लागलं, असंच असतं काम. सगळ्या करतात, आपणही करायचं.

तेवढ्यात वाटेवरून हाक आली.

"वैजूऽ! ए वैजू! इथं काय करतेस?"

नजमा! तीही पाटाच्या वाटेनंच आलेली, शहाणी!

सगळे विळे थांबले. एकदम. आणि ओळीनं सगळ्या बायका बोलायला लागल्या, हळू, कानात बोलल्यासारख्या. "आली बघ." "दे तिच्या हातात." "दे, म्हंजे झोपशील." "ती झोपलीये बघ कशी." आणि मी बांधाकडं बघितलं. खोटं कशाला सांगू? मला हेवा वाटला.

नजमा जवळ आली. तिनं हात पुढं केला. "केवढी दमलीस गं. आण इकडं तो विळा, मी कापते जरा."

माझा हात उठला. उठला गं खरंच! मैत्रीण माझी, डब्यातली अर्धी चपाती मला देणारी, आणि माझा हात तिच्याकडं निघाला. आजही हे सांगताना मला बाळाकडं बघवत नाही.

पण हात तिच्यापर्यंत गेला नाही. माझी आई रोज संध्याकाळी विळी मागायची आणि मी रोज तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवायची. हजारदा ठेवली असेल. तसाच हात खाली वळला. मी विळा मातीवर टेकवला.

"खाली नको!" अख्खी ओळ किंचाळली. "हातात! हातात दे!"

तेव्हा मला कळलं. दोन्ही हातांनी दाबून धरला मातीवर. आणि माझी बोटं सुटली. एक. दुसरं. तिसरं.

नजमा विळा घ्यायला वाकली. "उचलू नकोस!" मी तिची वेणी धरली. हात नाही, वेणी. आणि पळाले. वाट नाही, काटा नाही, चप्पल तिथंच. भाकरीचं फडकंही तिथंच.

मागून बांधाकडून आवाज आला. शेजारणीचा. "ऊठ गं. तुझाच हाय त्यो."

आणि मग एक उसासा. एवढा लांब उसासा. आणि पुन्हा, कच्. कच्. कच्.

फाट्यावर पोचलो तर ठकूमावशी पिकअपच्या फळीवर चढत होती. माझा हात उलटा करून बघितला तिनं. तळव्याला फोड आले होते. दोघींना गाडीत ओढलं, पाणी पाजलं. मग म्हणाली, "पाटाच्या वाटंनं आल्या व्हय?" पूर्वी कधी तिथं एक ट्रॉली कालव्यात उलटली होती म्हणे. परगावची टोळी होती, पहाटेच्या अंधारात कामावर निघालेली. वाफे कापायचे राहिले ते राहिलेच.

आणि नजमा काय म्हणते, माहितीये? तिनं कुणालाच पाहिलं नाही. रिकाम्या पडीक शेतात मी एकटी बसलेली. हातात एक गंजका विळा आणि मी हवा कापतेय.

आता तुम्ही म्हणाल, पोरीला चष्मा नव्हता, झोप नव्हती, म्हणून दिसलं तसलं. म्हणा. मी पण म्हणते. दिवसा म्हणते. ठकूमावशीच्या टोळीत महिनाभर राबले, रोज ढसाढसा रडले कांद्यानं, आणि प्रत्येक टिपसाला मनात म्हटलं, बरं झालं बाई, डोळे चुरचुरतायत. चष्मा आणला. फळ्यावरचं दिसायला लागलं. गणित तरीही आलं नाही, तो भाग वेगळा.

"काकू, मग मी जाऊ ना उद्या?"

जा गं बाई. तुला अडवायचं म्हणून सुरू केली होती गोष्ट, पण मला कुठं कुणी अडवलं होतं? जा. मात्र ऐकून ठेव, तू पण, सोहम पण, सगळेच. पाटाच्या वाटेनं जायचं नाही. उशीर झाला तरी नाही, गाडी चुकली तरी नाही, मैत्रिणीनं हाक मारली तरी नाही. गाडीवाटेनं जायचं. आणि तिन्हीसांजेच्या आत घरी.

ती बांधावर झोपलेली बाई? तिचं काय होणार, सोहम. तिथंच असेल. कधी कधी रात्री सगळं आवरून मी पाठ टेकते, बाळ रडायला लागतं, मी उठते, आणि मला ती आठवते. दोन घटका तरी झोपली होती बिचारी. मीच उठवलं तिला.

चला, डोळे मिटा आता.