पांढऱ्या पट्ट्यांवरचं लिंबू

लातूरची गाडीवाली मंडळी कशाला घाबरते, सांगू? परवा निलंग्याहून आत्या आली. भाजी घेऊन आम्ही क्लासेसच्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे, पण एक ऑटो थांबंल तर शपथ! शेवटी आत्यानं पिशवीतलं लिंबू काढलं, त्याला बटव्यातलं कुंकू फासलं अन् दिलं पट्ट्यांवर घरंगळत सोडून.

करकचून ब्रेक! मोटारसायकली, ऑटो, टेम्पो, सगळं जागच्या जागी. एकानं तर हात जोडले. आत्या मधून अशी चालली, जणू माहेरच्या अंगणातून. मी मागं मागं, तोंड उघडंच.

पलीकडं गेल्यावर विचारलं, "आत्या, कसला मंत्र टाकलास गं?"

"मंत्र कशाचा? सरबताचं लिंबू हाय ते. जा, उचलून आण."

खरं सांगतो, माझीच हिंमत झाली न्हाई.