तीन नंबरचं पिंप

सून: ...म्हणून म्हणते बाबा, तीन नंबरचं पिंप आज त्या दुकानदारापुढे ठेवायचं नाही.

सासरे: अगं, त्याच्यासाठीच तर तो येतोय. आतूनसुद्धा लाल असलेल्या द्राक्षाची वाइन आपल्याशिवाय इकडे करतं कोण?

सून: कोणी नाही. पण तिला वास येतोय. भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यासारखा. पिंपाच्या लाकडाला आतून बुरशी धरली असणार.

सासरे: काल मी स्वतः चाखलंय.

सून: पाहिलं मी. तोंडात घोळवलंत, थुंकलंत आणि ‘उत्तम’ म्हणालात. बाबा, तुम्हाला वास येत नाही ना?

सासरे: काहीतरीच काय.

सून: गेल्या आठवड्यात दूध करपलं. मी बागेतून धावत आले आणि तुम्ही शेगडीशेजारी बसून निवांत पेपर वाचत होता. परवा तुम्हाला झाकणाच्या मगमधून कॉफी दिली. चहा झकास झालाय म्हणालात.

सासरे: ...दार लोटून घे जरा.

सून: घेतलं.

सासरे: त्या तापातून उठलो तेव्हापासून. पाच महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आला तर येईल परत. आंबट, तुरट, कडू जिभेला कळतं. बाकीचं आठवणीवर रेटत होतो.

सून: आठवणीला बुरशीचा वास येत नाही बाबा.

सासरे: सांगू कसं? चाळीस वर्षं या नाकावर घर चाललं. तुझ्या नवऱ्याला कळलं की बाग कंपनीला देऊन टाकायचं टुमणं लावेल तो.

सून: लावू दे. मी आहे ना.

सासरे: तू? अकरा वर्षं बाटल्यांना लेबलं चिकटवतेस तू.

सून: आणि अकरा वर्षं तुम्ही चाखून ठेवलेले पेले धुते. धुण्याआधी प्रत्येकाचा वास घेते, तळाशी उरलेला घोटही घेते. कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

सासरे: मग फिरव पाठ. डोळे मीट. हं, हा कोणता?

सून: मातीच्या रांजणातला. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर येतो ना, तसा वास. मागून डाळिंबाची साल.

सासरे: आणि हा?

सून: अख्खे घड बंद टाकीत ठेवून केलेली, ती फिकट लाल. खोकल्याच्या गोड औषधासारखी. गारच प्यायला हवी.

सासरे: हा?

सून: हाही रांजणातलाच. मला फसवताय.

सासरे: हं. तीनशे बाटल्यांचं पिंप आहे गं ते. मला स्वतःला काही कळत नसताना, नुसतं तू म्हणतेस म्हणून ओतून द्यायचं?

सून: हो. मी म्हणते म्हणून.

सासरे: मग पाहुण्याला काय पाणी पाजू?

सून: चार नंबर. त्याच द्राक्षाचं, जुन्या लाकडातलं. तुम्ही बाजूला सारलं होतं ते. शाई, मिरी आणि शेवटी बोट कापल्यावर तोंडात धरतो तेव्हा लागतं तसं काहीतरी.

सासरे: विचित्र आहे ते. तापाच्या आधीच म्हणालो होतो मी.

सून: विचित्रच आहे. नेहमीचंच हवं असतं तर तो माणूस एवढ्या लांब कशाला आला असता?

(फाटकाशी गाडी थांबते. थोड्या वेळाने तिघं पिंपांजवळ.)

दुकानदार: पण काका, फोनवर तर तीन नंबरचं किती कौतुक केलं होतंत.

सासरे: केलं होतं. चुकलं माझं. त्याला बुरशी धरली आहे, ते विकणार नाही. हे चाखा.

दुकानदार: ...थांबा, बोलू नका कोणी. पहिल्या घोटाला नको वाटलं होतं. आता पेला खाली ठेववत नाही. माझी गिऱ्हाइकं मला वेड्यात काढतील, तरी घेतो. सगळं पिंप घेतो. काका, हे शेवटी जिभेवर काय रेंगाळतंय? लोखंड?

सासरे: मला नाही सांगता येणार. माझं नाक गेलंय. पाच महिने झाले.

दुकानदार: थट्टा करताय राव.

सासरे: नाही. हे पिंप तुमच्यापुढे ठेवायचं हिने ठरवलं. तीन नंबर नाकारलं तेही हिनेच. काय विचारायचं ते तिला विचारा.

सून: रक्त म्हणा हवं तर. पण बाटलीवर तसं लिहायचं नाही, लोक घाबरतील.

दुकानदार: बरं. मग पुढच्या हंगामात मी फोन कोणाला करायचा?

सासरे: मलाच करा. मी उचलेन आणि तिच्याकडे देईन.